हात बसवायचा कुणावर?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका रविवारी सकाळी अकोल्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाजात काळजी आणि कौतुक अर्धं अर्धं. "दादा, पोरगी आफ्रिकेत जातो म्हणते. तू समजाव बरं तिले. नाही ऐकलं तर निदान कागद तरी पाहून दे बाप्पा."

आमच्या घराण्यात कागद पाहून देणं हे माझं खातं आहे. माझ्या कादंबऱ्या नातेवाइकांपैकी किती जणांनी वाचल्या, हा प्रश्न मी कधी विचारत नाही. पण लग्नाच्या हॉलच्या करारापासून विम्याच्या पॉलिसीपर्यंत त्यांचे सगळे कागद मात्र मी वाचलेले आहेत. बँकेतल्या नोकरीनं एक सवय लावली. ठळक अक्षरांतला मजकूर सोडून द्यायचा आणि बारीक अक्षरांतला आधी वाचायचा.

दुसऱ्या दिवशी भाची अमरावतीला आली. विदर्भातल्याच एका मेडिकल कॉलेजात ती शेवटच्या वर्षाला आहे. हुशार, मनानं चांगली आणि थोडी उतावळी. परीक्षेनंतरच्या सुटीत चार आठवडे टांझानियातल्या एका जिल्हा रुग्णालयात काम करायला जायचं तिनं ठरवलं होतं. मोठ्या शहरातली एक संस्था ही सोय करून देणार होती. फी सव्वा लाख, त्यातले चाळीस हजार भरून झालेले. उरलेल्या पैशांचं, परकीय चलनाचं आणि विम्याचं मी पाहावं, एवढीच तिची अपेक्षा होती.

मी चष्मा लावून माहितीपत्रक उघडलं. सिंहाचं चित्र, समुद्रकिनाऱ्याचं चित्र, पांढऱ्या कोटातली एक मुलगी आणि तिच्या भोवती हसणारी दहा-बारा काळीसावळी मुलं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की, तुमच्या देशात जे करायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं ते इथे पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या हातानं करा. टाके घाला, बाळंतपणं करा, शस्त्रक्रियेत मदत करा.

"हे स्वतःच्या हातानं म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"मामा, इथे आम्हाला करू कोण देतं? एका खाटेभोवती आम्ही दहा जण उभे असतो. तिथे डॉक्टर कमी आहेत, पेशंट खूप आहेत. त्यांना मदत होते, आमचा हात बसतो."

हात बसतो! शब्द अगदी आपल्या घरातला. पोळ्यांवर हात बसतो, शिवणावर हात बसतो, मलाही नोटा मोजण्यावर हात बसवायला सहा महिने लागले होते. नोट चुकली तर संध्याकाळी खिशातून भरायची, एवढंच. पण बाळंत होणाऱ्या बाईवर हात बसवताना चुकलं तर कुणाच्या खिशातून भरायचं?

मी हे बोललो नाही. फाईल ठेवून घेतली आणि "दोन दिवसांनी सांगतो," म्हणालो. त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांपुढे धारणी येत राहिलं.

* * *

१९९३ साली मी मेळघाटात धारणीला आमच्या बँकेच्या शाखेत होतो. बँकेचं नाव इथे महत्त्वाचं नाही, माझी चूक माझीच आहे. त्याच वर्षी मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी देशभर गेली. परतवाडा सोडलं की घाट लागतो. सेमाडोह, हरिसाल करत धारणीला पोचेपर्यंत माणूस आपल्याच जिल्ह्यात परका होतो. तिथली कोरकू भाषा मराठीच्या किंवा हिंदीच्या गोत्रातली नाही. तिचं नातं तिकडे झारखंडातल्या मुंडारी आणि संथाळीशी. 'डा' म्हणजे पाणी आणि 'जोम' म्हणजे जेवणं. तीन वर्षांत मी एवढे दोनच शब्द नीट शिकलो, हे सांगताना आजही लाज वाटते.

त्या काळात एकात्मिक ग्रामीण विकास योजनेत शेळ्यांसाठी कर्ज मिळायचं. एका कोरकू बाईचं प्रकरण माझ्या हातून झालं. अर्ज मराठीत, करारनामा इंग्रजीत, समजावून सांगणारा आमचा शिपाई आणि त्याची कोरकू बाजारात शेंगदाणे घेण्यापुरती. बाई मान हलवत होती. मी स्टॅम्प पॅड पुढे केलं आणि तिचा अंगठा धरून अकरा ठिकाणी उमटवला. सगळे कागद नियमाप्रमाणे झाले. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या फाईलचं कौतुक केलं होतं.

दीड वर्षानं तिच्या दोन शेळ्या मेल्या. शेळ्यांचा विमा होता. पण विम्याची एक अट असते. जनावराच्या कानात जो नंबरचा बिल्ला मारलेला असतो, तो कानासकट आणून दाखवावा लागतो. बिल्ला नाही तर पैसे नाहीत. बाईनं शेळ्या मेल्यावर पुरून टाकल्या होत्या. बिल्ला कशासाठी आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या लेखी तो सरकारनं शेळीला घातलेला दागिना होता. दावा फेटाळला गेला आणि पुढे वसुलीची नोटीस निघाली. त्या नोटिशीवर सहीही माझीच.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर एका मोठ्या शहरातून वैद्यकीय विद्यार्थ्यांची एक तुकडी आली होती. दोन जीपगाड्या, औषधांची खोकी, गळ्यात कॅमेरे. दोन दिवस राहिली. मुलांची वजनं घेतली, फोटो काढले, टॉनिकच्या बाटल्या वाटल्या. त्यांतल्या एका मुलीला रडू आवरत नव्हतं, तेही मी पाहिलं. ती मुलं वाईट नव्हती, वीस-बावीस वर्षांची होती. पंधरा दिवसांनी तीच शेळीवाली बाई बँकेत आली. हातात अर्धी झालेली बाटली. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं. बँकेच्या साहेबाला वाचता येतं म्हणून विचारायला आली होती की, हे मुलाला द्यायचं की आपण प्यायचं, आणि किती. मला लेबल वाचता येत होतं, पण ते तिला सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. आणि ज्यांनी बाटली दिली ते पुन्हा त्या घाटात आले नाहीत.

भाचीच्या माहितीपत्रकातलं ते हसणाऱ्या मुलांचं चित्र पाहिल्यावर मला ही बाटली आठवली. टांझानिया मी पाहिलेलं नाही. पण मेळघाट पाहिलेलं आहे. आपण ज्या गावाला फार लांबचं समजतो, त्या गावातल्या माणसाच्या जागी उभं राहिलं तर आपणच लांबून आलेले असतो.

* * *

जायचंच नाही, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. वैद्यकासाठी परदेशी जाण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, एकट्या अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होते. त्या पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे मात्र विदर्भातल्या मुलांनाही फारसं ठाऊक नसतं.

कोटणिसांवरचा शांतारामबापूंचा १९४६ चा चित्रपट आमच्या पिढीनं पाहिला आणि त्यातलं प्रेम लक्षात ठेवलं. खरं लक्षात ठेवण्याजोगं वेगळं आहे. कोटणीस चिनी भाषा शिकले. दुभाष्याच्या आधारावर राहिले नाहीत. पुढे ते तिथल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि चिनी विद्यार्थ्यांना चिनी भाषेतून शिकवू लागले. १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच गेले. चार आठवड्यांसाठी जाणाऱ्या मुलीला कोटणिसांचं माप लावू नये, हे मलाही कळतं. पण भाषेपासून सुरुवात करायची, हा धडा चार आठवड्यांनाही लागू आहे.

दुसरं उदाहरण आमच्या जिल्ह्यातलंच. शेगावचे डॉ. रवींद्र कोल्हे नागपूरहून एमबीबीएस होऊन १९८० च्या दशकात मेळघाटातल्या बैरागडला गेले. त्यांच्यावर परिणाम झाला तो डेव्हिड वर्नर यांच्या 'व्हेअर देअर इज नो डॉक्टर' या पुस्तकाचा. मेक्सिकोच्या डोंगरातल्या खेड्यांसाठी लिहिलेलं पुस्तक, लिहिणारा स्वतः डॉक्टरही नव्हे, आणि उपयोगी पडलं मेळघाटात. पण पुस्तक वाचलं आणि पिशवी उचलली, असं कोल्ह्यांनी केलं नाही. सोनोग्राफी आणि रक्ताची सोय नसताना बाळंतपण कसं करायचं, एक्स-रे नसताना न्यूमोनिया कसा ओळखायचा, अतिसाराचं मूल कसं वाचवायचं, या तीन गोष्टी आल्याशिवाय अशा ठिकाणी जाऊ नये, असा सल्ला त्यांना मिळाला. त्यासाठी ते आधी मुंबईला जाऊन सहा महिने शिकले. मग गेले. तिथे स्फोटात हात गमावलेला एक माणूस त्यांच्याकडे आला, तेव्हा आपलं ज्ञान अपुरं आहे हे त्यांनी मान्य केलं आणि पुन्हा शिकायला परत आले. एमडी करून, डॉ. स्मिताताईंना सोबत घेऊन ते पुन्हा बैरागडला गेले आणि तिथेच राहिले. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली. एक-दोन रुपये फी घेणारे डॉक्टर म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांचं कौतुक केलं. मला त्या फीपेक्षा ते सहा महिने आणि ते परत येणं अधिक मोलाचं वाटतं. गरीब माणसाकडे जायचं तर अधिक शिकून जायचं, हा त्याचा अर्थ. माहितीपत्रकात नेमकं उलटं लिहिलं होतं.

विद्यार्थ्यांना असं तयार करण्याची रीत आपल्याकडे नाही असंही नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. तिथे नवीन मुलं आली की आधी पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात राहतात. झाडलोट करतात, सूत काततात. पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि पंधरा दिवस त्या गावात मुक्काम करते. प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबं येतात, आणि त्यांची विचारपूस नंतरही चालू ठेवायची असते. गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आदिवासींसाठी रुग्णालय बांधण्याआधी आदिवासींनाच विचारलं की, तुम्हाला दवाखाना कसा हवा. मोठ्या इमारतीत भीती वाटते, असं लोक म्हणाले. म्हणून तो दवाखाना त्यांच्या गावातल्या झोपड्यांसारखा बांधला गेला. शेळीच्या कर्जाआधी मीही विचारू शकलो असतो.

* * *

सुरक्षिततेचं बोलायचं तर आपल्या घरांत त्याचा अर्थ बहुधा एकच असतो. पोहोचल्यावर फोन कर, रात्री बाहेर जाऊ नको, पाणी उकळून पी. हे सगळं बरोबरच. पण आनंदीबाईंची गोष्ट आठवते. थंडी, परकं अन्न, अभ्यासाचा ताण आणि त्यात क्षय. पदवी घेऊन आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक झालेली होती, ती तशीच राहिली. परक्या देशात शिकणाऱ्याच्या प्रकृतीकडे पाहणं ही त्या शिक्षणाचीच बाब आहे, हे आपल्याला एकशे चाळीस वर्षांपूर्वी कळायला हवं होतं.

मी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडून एक यादी करून घेतली. कावीळ 'ब' ची लस तीन वेळा घ्यायची असते आणि पहिल्या-तिसऱ्या टोच्यात सहा महिन्यांचं अंतर असतं. म्हणजे आदल्या आठवड्यात जागं होऊन उपयोग नाही. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. ज्या देशांत तो ताप आहे तिथून प्रमाणपत्राशिवाय परत आलात तर आपलेच अधिकारी तुम्हाला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्या वेगळ्या. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे काम करताना सुई टोचली आणि रोगी एचआयव्हीचा असला तर औषध शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावं लागतं. ते औषध त्या रुग्णालयात मिळेल का, रात्री दोन वाजता मिळेल का, हे आधी विचारायचं. नाही म्हणाले तर बरोबर न्यायची सोय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं करायची. डॉक्टर आणखी एक गोष्ट म्हणाले. परदेशी गेलेल्या तरुण प्रवाशांचा जीव रोगांपेक्षा रस्त्यावरच्या अपघातांत जास्त जातो. हेल्मेटशिवाय भाड्याच्या मोटारसायकलवर बसायचं नाही, हा नियम लशीइतकाच महत्त्वाचा. विम्याच्या पॉलिसीत तर मी बारीक अक्षरांत वाचलं की, काम करताना झालेली इजा त्यात धरलेलीच नव्हती.

बँकवाल्यांचाही इथे वाटा आहे. २००१ साली शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आली. त्यानंतर परदेशी डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांचे अर्ज मीही मंजूर केले. अकोल्याच्या शाखेत असताना मी बापाचा सातबारा पाहिला, जामीनदार पाहिला, कॉलेजचं पत्र पाहिलं. शिकवणार इंग्रजीत, पण तिथले रोगी कोणती भाषा बोलतात, हे एकाही मुलाला विचारलं नाही. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं. हजारो मुलं जीव मुठीत घेऊन परतली तेव्हा त्यांच्या आईबापांचे चेहरे टीव्हीवर पाहताना मला माझ्या जुन्या फायली आठवत होत्या.

* * *

दोन दिवसांनी मी भाचीला माझं म्हणणं सांगितलं. ती रागावली. "मामा, तुम्ही बँकवाले. सगळ्यात तुम्हाला धोकाच दिसतो. मी कुणाचं वाईट करायला चालले आहे का?"

"मीही कुणाचं वाईट करायला गेलो नव्हतो," मी म्हणालो आणि तिला शेळ्यांची गोष्ट सांगितली. घरात आजवर ती कुणाला ठाऊक नव्हती. ती गप्प झाली, पण पटलं असं दिसलं नाही. शेवटी ठरलं की, एका शनिवारी तिनं माझ्याबरोबर मेळघाटात यायचं. मग जो निर्णय घेईल तो तिचा.

धारणीच्या बाजूला माझ्या ओळखीचे एक वयस्क डॉक्टर आहेत. ते तिला दिवसभर आपल्या ओपीडीत बसवून घ्यायला तयार झाले. अट एकच, पांढरा कोट घालायचा नाही आणि कुठल्याही रोग्याला हात लावायचा नाही. मी बाहेर बाकावर बसून होतो.

दुपारी एक तरुण बाई तान्ह्या मुलाला घेऊन आली. मुलाच्या पोटावर चटक्यांच्या खुणा होत्या. पोट फुगलं की तापल्या विळ्यानं चटके देण्याची प्रथा तिथे आहे, डंबा म्हणतात. ते पाहून भाचीच्या तोंडून मोठ्यानं "अरे देवा, हे काय केलं!" असं निघून गेलं. शब्द मराठी होते, पण सूर कोरकूतही कळतो. बाईनं पदर मुलावर ओढला, उठली आणि दाराकडे चालू लागली. डॉक्टरांची परिचारिका, स्वतः कोरकू, मागे धावली. अंगणात चिंचेखाली दोघी बराच वेळ बोलत बसल्या. पाऊण तासानं बाई परत आली. मुलाला न्यूमोनिया होता. ती तशीच घरी गेली असती तर काय झालं असतं, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

संध्याकाळी चहा घेताना डॉक्टर भाचीला म्हणाले, "बेटा, आज तू हात लावला नाहीस तरी तुझ्याकडून रोगी दुरावला. चूक मोठी नाही, मीही केल्या आहेत. पण तुझी चूक निस्तरायला इथे सिस्टर होती. तिनं पाऊण तास दिला. तो पाऊण तास बाहेरच्या दहा रोग्यांचा होता. तू तिकडे जाशील तेव्हा तुझ्यामागे असा पाऊण तास कोण देणार आहे, ते आधी विचारून घे."

परतताना सेमाडोहपर्यंत ती काही बोलली नाही. मग एकदम म्हणाली, "मामा, त्यांना लिहायचं पत्र आपण दोघं मिळून लिहू."

ते पत्र आम्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर लिहिलं. त्यातले प्रश्न इथे देतो, कारण डॉक्टर होऊ घातलेलं मूल आज पुष्कळ घरांत आहे. मी ज्या रुग्णालयात येणार, त्या रुग्णालयानं विद्यार्थी मागितले आहेत का? माझ्यावर देखरेख करणाऱ्या डॉक्टरांचं किंवा परिचारिकेचं नाव काय? मी भरलेल्या फीपैकी रुग्णालयाला किती मिळतात? जे काम मी माझ्या कॉलेजात एकटीनं करू शकत नाही, ते तिथे करायला सांगितलं तर मला नाही म्हणता येईल का? मी विद्यार्थिनी आहे, डॉक्टर नाही, हे रोग्याला त्याच्या भाषेत कोण सांगेल, आणि त्यानं नको म्हटलं तर? फोटोंबाबत तुमचा नियम काय? सुई टोचली तर कुणाकडे जायचं?

हे प्रश्न आमच्या डोक्यातून निघाले खरे, पण नवीन नव्हते. २०१० साली जगातल्या जाणकारांच्या एका गटानं परदेशी वैद्यकीय प्रशिक्षणासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, ती भाचीनं नंतर शोधून काढली. पाठवणाऱ्या आणि बोलावणाऱ्या संस्थांचं नातं बरोबरीचं असावं, पाहुण्यामुळे यजमानावर पडणारा खर्च धरला जावा, विद्यार्थ्यानं आपल्या कुवतीबाहेर जाऊ नये, फोटोंबाबत तिथले नियम पाळावेत, हे सगळं त्यांत आहे. तिच्या संस्थेच्या माहितीपत्रकात त्यातलं एकही नव्हतं.

संस्थेचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. फी परत मिळणार नाही, असं ठळक अक्षरांत. बाकी एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. चाळीस हजार गेले. बहीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. "तुयाच्यानं पैसेही गेले अन् पोरीचं मनही गेलं," हे तिचं वाक्य मी ऐकून घेतलं. तिच्या जागी ती बरोबर होती. बापाच्या कापसाच्या पैशातले ते चाळीस हजार होते.

पण पोरीचं मन गेलं नव्हतं. तिनं आपल्या कॉलेजातल्या प्राध्यापकांना गाठलं आणि त्यांच्या ओळखीतून टांझानियातल्याच एका शिक्षण रुग्णालयाला तेच पत्र पाठवलं. उत्तर आलं ते तिथल्या प्रसूती विभागाच्या मुख्य परिचारिकेचं. एक पानाचं, साध्या इंग्रजीत. विद्यार्थ्यांनी आमच्याकडे पहिले दोन आठवडे फक्त पाहायचं असतं. त्यानंतर सुईणीच्या शेजारी उभं राहून ती सांगेल तेवढंच करायचं. बाळंतपण एकटीनं करायला मिळणार नाही. फोटो नाहीत. औषधं आणू नका, आम्ही आमची यादी आमच्या पद्धतीनं मागवतो. आरामशीर जोडे आणा. आणि येण्याआधी स्वाहिलीचे शंभर शब्द शिका.

भाचीनं ते पत्र मला वाचून दाखवलं तेव्हा मला त्या न पाहिलेल्या बाईविषयी फार आदर वाटला. धारणीला माझ्या टेबलापलीकडे अशी एखादी बाई उभी असती आणि "आधी बिल्ल्याचं समजावून सांगा, मग अंगठा घ्या," असं म्हणाली असती, तर!

आता जाणं पुढच्या सुटीत आहे. लशींचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं आहे. विमा मी स्वतः बदलून घेतला आहे. शब्द अठ्ठावन्न झाले आहेत. 'माजी' म्हणजे पाणी. 'उचुंगू' म्हणजे वेदना, कळाही. परवा फोनवर तिनं नवीन शब्द सांगितला, 'पोले'. कुणाला लागलं, कुणाचं कुणी गेलं, कुणी दमून आलं, की तिकडे लोक 'पोले' म्हणतात. माफी मागत नाहीत आणि कीवही करत नाहीत. तुझं दुखतंय हे मला दिसतंय, एवढंच सांगतात.

"मामा, मराठीत याला एक शब्द सांगा ना," ती म्हणाली.

मी आयुष्यभर मराठीत लिहीत आलो, पण चटकन एक शब्द सुचला नाही. कोरकूत असेल. त्या शेळीवाल्या बाईला विचारायला हवं होतं.